सुट्टे पैसे, सवलत आणि सुईका

अकोल्याचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विदर्भात जाऊन पोचतो. "तिकडे उन्हाळा फार ना?" असं लगेच विचारतो. दोष त्याचा नाही, मराठी व्याकरणाचा आहे. अकोला काय आणि अकोले काय, प्रत्यय लावला की दोघांचंही 'अकोल्याला' होतं. तर मंडळी, आमचं ते अकोले. नगर जिल्ह्यातलं (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर), प्रवरेच्या काठचं, अगस्ती ऋषींचं. कळसूबाई आमची, भंडारदराही आमचं. दोन्ही गावांत आणखी एक फरक आहे. त्या अकोल्याला रेल्वेचं जंक्शन आहे आणि आमच्या अकोल्याला रुळाचा तुकडाही नाही. तालुक्यातल्या माणसाला कुठेही जायचं तर एसटी, नाहीतर काळीपिवळी जीप. आता घरोघरी मोटरसायकली झाल्या, पण म्हातारी माणसं, शाळेतल्या मुली आणि बाजाराला जाणाऱ्या बाया यांच्यासाठी गाडी म्हणजे अजूनही एसटीच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा एक मावसभाऊ. तो सहा-सात वर्षांपासून टोकियोत आहे, निशी-कासाई भागात. तिथे भारतीयांची, त्यात मराठी लोकांचीही चांगली वस्ती आहे. ज्या एदोगावा वॉर्डात हा भाग येतो, तिथल्या सभागृहावर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले होते. तर या भावाने घरच्या ग्रुपवर एका कार्डाचा फोटो टाकला. हिरवं कार्ड, त्यावर पेंग्विन. खाली लिहिलं होतं, "याला सुईका म्हणतात. नुसतं टेकवायचं आणि जायचं. हे यांच्याकडे २००१ पासून आहे. आपल्याकडे अजून कंडक्टर सुट्टे पैसे मागतो."

त्यावर दोन काकांनी अंगठे दिले, एकाने "आपण पन्नास वर्षं मागे आहोत" असं लिहिलं आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. कारण कार्ड आपल्याकडेही आलं होतं. एसटीतच आलं होतं, अगदी अकोल्याच्या स्टँडपर्यंत. ते टिकलं नाही. का टिकलं नाही, याचं उत्तर 'आपण मागे आहोत' इतकं सोपं असेल असं मला वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. १ जून १९४८ रोजी सरकारी एसटीची पहिली गाडी सुटली ती पुणे ते नगर. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. त्याआधी रस्त्यावर खासगी मोटारमालकांच्या गाड्या असत. गाडी भरली की सुटणार आणि भाडं मालक म्हणेल ते. एसटीने त्या अनागोंदीत तीन गोष्टी आणल्या: वेळापत्रक, छापील तिकीट आणि टप्पा. पुढे राज्य पुनर्रचना झाली, महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये महामंडळाला आजचं नाव मिळालं. या तीन गोष्टी मात्र तशाच राहिल्या.

यातला 'टप्पा' हा शब्द मला फार आवडतो. एसटीचं भाडं किलोमीटरवर नसतं, टप्प्यावर असतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. अकोल्याहून संगमनेर साधारण चार टप्प्यांवर. टप्प्याच्या अलीकडे उतरलात तरी भाडं पूर्ण टप्प्याचंच. त्यामुळे आमच्याकडे जुन्या लोकांना गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये ठाऊक नसे, पण 'कुठपर्यंत किती लागतात' हे तोंडपाठ असे.

टप्प्याप्रमाणे पैसे घेणारा माणूस म्हणजे कंडक्टर, शुद्ध भाषेत वाहक. त्याच्या खांद्याला चामड्याची पैशाची पिशवी, काखेत तिकिटांची पेटी आणि हातात पंच. पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या पातळ कागदी तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले. सतरा रुपयांचं भाडं असेल तर दहाचं एक, पाचचं एक, दोनचं एक अशी जुळवणी करायची आणि त्यावर पंचाने भोकं पाडायची. तिकीट काढायला कुणी पुढे येत नसेल तर तो पंच नुसताच हवेत वाजवायचा. टिकटिक, टिकटिक. गर्दीतही तो आवाज ऐकला की हात आपोआप खिशात जायचा. रात्री मुक्कामाला पोचल्यावर कंदिलाच्या उजेडात गठ्ठ्यांचे नंबर बघून हिशोब लिहायचा. तपासनीस गाडीत चढला आणि एक तिकीट कमी निघालं तर वाहकाची नोकरी पणाला लागायची. त्यामुळे त्या चिटोऱ्यांना पैशाइतकंच जपावं लागे.

पण खरी गंमत तिकिटाच्या मागच्या बाजूला होती. सुट्टे नसले की कंडक्टर तिकीट उलटं करून पेनने आकडा लिहायचा. "उतरताना घ्या." बस, एवढंच. सही नाही, शिक्का नाही. सात रुपये, तीन रुपये, कधी अर्धा रुपया. प्रवासभर तो कागद मुठीत धरून बसायचं आणि उतरायच्या आधी दोन थांबे मनातल्या मनात उजळणी करायची, की पैसे मागायचे आहेत. गावच्या गाडीत तर "उद्या घ्या" असंही चालायचं, कारण उद्या तोच कंडक्टर येणार असायचा.

आता बघा, विचार केला तर ही काय व्यवस्था होती? प्रवाशाची काही रक्कम वाहतूक संस्थेकडे जमा आणि त्याची नोंद प्रवाशाच्या हातातल्या कागदावर. जपान्यांच्या कार्डातही तत्त्व हेच आहे. फरक इतकाच, की आमच्या कागदातली चिप म्हणजे कंडक्टरचं अक्षर :-)

थोडं हसून झालं असेल तर आता टोकियोला जाऊ.

जपानमध्येही पूर्वी टिकटिकच होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. स्टेशनच्या दारात रेल्वेचे कर्मचारी उभे असत आणि प्रत्येकाच्या तिकिटाला चिमट्याने खाच पाडत. तेही मधल्या रिकाम्या वेळात चिमटा हवेत वाजवत राहत. आपल्या कंडक्टरला ते लगेच भाऊबंद वाटले असते. १९६७ साली ओसाकाजवळच्या किता-सेन्री स्टेशनात चुंबकीय तिकिटं वाचणारी आपोआप चालणारी दारं बसली. टोकियोच्या मोठ्या स्टेशनांत ती खऱ्या अर्थाने आली १९९० च्या सुमारास. चिमटेवाले गेले.

पण चुंबकीय तिकिटाच्या दारांना एक दुखणं होतं. तिकीट किंवा पास पाकिटातून काढा, फटीत घाला, आतले पट्टे तो ओढून नेणार, वाचणार, पलीकडे बाहेर टाकणार, आपण चालता चालता उचलायचा. आत इतके फिरणारे भाग, की दुरुस्तीचा खर्च कायमचा. आणि टोकियोची सकाळची गर्दी अशी, की एका दाराने मिनिटाला साठेक माणसं गेली पाहिजेत, नाहीतर मागे रांग जिन्यापर्यंत जाणार. १९९० च्या आसपास बसवलेली दारं दहा-बारा वर्षांनी बदलावी लागणारच होती. तेव्हा त्याच जागी नवं काहीतरी आणायचं, असा जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा हिशोब होता.

नवं म्हणजे सोनी कंपनीचं फेलिका तंत्र. कार्डात बॅटरी नाही. दारावरचं यंत्र आपल्याभोवती रेडिओलहरींचं छोटंसं क्षेत्र तयार करतं, कार्ड त्यात आलं की त्या लहरींमधूनच त्याला चालण्यापुरती वीज मिळते. तेवढ्या वेळात यंत्र कार्डातली शिल्लक वाचतं, भाडं वजा करतं आणि नवी शिल्लक पुन्हा कार्डातच लिहितं. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागात आटपतो. हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आधी वापरलं हाँगकाँगने, १९९७ साली, ऑक्टोपस कार्डात. जपानमध्ये बऱ्याच चाचण्या घेऊन १८ नोव्हेंबर २००१ रोजी टोकियो परिसरातल्या ४२४ स्टेशनांवर सुईका सुरू झालं. जपानीत 'सुई सुई' म्हणजे सळसळत, विनाअडथळा जाणं आणि 'सुईका' म्हणजे कलिंगड. कार्ड हिरवं असण्याशी त्याचा संबंध असावा असं कुणालाही वाटेल.

या चाचण्यांमधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला लोकांना कार्ड धरायचं कुठे आणि कसं हेच कळेना. कुणी हलवत होतं, कुणी उभं धरत होतं, कुणी लांबूनच दाखवून पुढे जात होतं. शुन्जी यामानाका नावाच्या डिझायनरने खऱ्या माणसांना खऱ्या दारातून चालायला लावून वेगवेगळे आकार तपासले. शेवटी यंत्राचा माथा प्रवाशाच्या बाजूला १३.५ अंशांनी कलता ठेवला आणि लोक आपोआप नीट टेकवू लागले. कार्ड खरं तर टेकवावं लागतच नाही, थोडं वर धरलं तरी चालतं. पण 'टेकवा' असं सांगितलं की माणूस क्षणभर थांबतो आणि यंत्राला तेवढा क्षण पुरतो. एवढा विचार एका टेकवण्यामागे!

पुढे २००७ मध्ये टोकियोच्या मेट्रो आणि बसेसचं पास्मो आलं आणि ते सुईकाच्या दारांवर चालू लागलं. २३ मार्च २०१३ पासून देशातली दहा मुख्य कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालायला लागली. दुकानात, पाण्याच्या बाटलीच्या यंत्रावरही हेच कार्ड.

इथपर्यंत वाचून भावाचं म्हणणं पटायला हवं. पण या सगळ्या गोष्टीत एक वस्तू सतत आहे, ती म्हणजे दार. सुईका हे दार उघडायचं कार्ड आहे. दाराला एकच प्रश्न पडतो: पैसे आहेत का? तुम्ही कोण, कुठले, वय काय, कशाला चाललात, याच्याशी दाराला देणंघेणं नाही. बिननावाचं सुईका कुणीही ५०० येन अनामत ठेवून घ्यावं आणि वापरावं.

ज्या क्षणी 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येतो, त्या क्षणी जपानच्या यंत्रालाही माणसाची मदत लागते. मुलांना तिथे अर्धं भाडं आहे आणि त्यांचं कार्ड वेगळं, नावाचं. ते टेकवलं की दारातून पिलाच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. कशासाठी? तर मुलाच्या कार्डावर एखादा बाप्या चालला असेल तर बाजूच्या कर्मचाऱ्याने मान वर करून बघावं म्हणून! दिव्यांगांच्या सवलतीचं तर आणखी अवघड. टोकियो भागात त्यांच्यासाठी वेगळं कार्ड आलं २०२३ मध्ये, म्हणजे सुईकानंतर एकवीस वर्षांनी. तोवर कर्मचाऱ्याला प्रमाणपत्राची पुस्तिका दाखवायची आणि त्याने सवलत द्यायची, हाच रस्ता होता. म्हणजे आपलाच.

आता परत आपल्या एसटीत या. एसटीला दार आहे, पण ते उघडतं कंडक्टरच्या घंटीवर. आणि आपल्या तालुक्यातल्या गाडीत पैसे घेण्याइतकंच मोठं काम असतं ते सवलत ओळखण्याचं. शाळेच्या मुलांचे पास, ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतला मोफत पास, ज्येष्ठ नागरिक, स्वातंत्र्यसैनिक, दिव्यांग, कर्करोगाचे रुग्ण, अधिस्वीकृतीधारक पत्रकार, पुरस्कार मिळालेले खेळाडू... पंचविसाहून जास्त प्रकारच्या माणसांना एसटी सवलत देते. सवलतीचे पैसे नंतर राज्य सरकार महामंडळाला देतं. राजूरकडून सकाळी येणाऱ्या गाडीत पूर्ण तिकिटाचे प्रवासी शोधावे लागतील अशी परिस्थिती.

तिकीट काढायच्या पद्धतीत पहिला मोठा बदल झाला २०१० च्या आसपास, जेव्हा पेटी आणि पंच जाऊन हातातली तिकीट छापायची यंत्रं आली. टिकटिक गेली आणि कर्रकर्र करत बाहेर येणारा पांढरा कागद आला. त्याच्यावरची शाई महिन्याभरात उडते, त्यामुळे आठवणीदाखल तिकीट जपून ठेवायची सोय राहिली नाही. मागे सुट्टे लिहून देणं मात्र चालूच होतं. सुट्ट्यांचा प्रश्न इतका खरा होता, की जून २०१८ मध्ये भाडेवाढ करताना एसटीने भाडं पाचच्या पटीत आकारायचं ठरवलं. म्हणजे आठ होत असेल तर दहा, सात होत असेल तर पाच. नाणी मिळत नाहीत म्हणून भाड्याचं गणितच बदललं!

आणि २०१९ मध्ये आलं स्मार्ट कार्ड.

हे कार्ड पैसे भरून वापरण्याचीही सोय होती. पण गावात त्याची चर्चा झाली ती तेवढ्यासाठी नाही. चर्चा झाली ती अशी की, "आता कार्ड काढल्याशिवाय म्हाताऱ्यांना हाफ तिकीट मिळणार नाही." आणि ज्येष्ठांच्या सवलतीला वर्षाला चार हजार किलोमीटरची मर्यादाही ठरली होती, ती मोजायची तर कार्ड लागणारच. हेतू वाईट नव्हता. खोट्या वयाच्या दाखल्यांवर सवलत घेणारे होते, त्याचा भार शेवटी सरकारवर आणि एसटीवर पडत होता. किती ज्येष्ठांनी किती प्रवास केला याचा चोख हिशोब असल्याशिवाय सरकारकडून भरपाई मागायची कशी, हा प्रश्नही खराच.

पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? आधार आणि मोबाईल नंबर घेऊन नोंदणीला जायचं, कार्ड छापून येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा जाऊन ते आणायचं. आधारशी जोडलेला मोबाईल बहुतेकांचा नसतोच, तो पुण्याला किंवा नाशिकला असलेल्या मुलाचा असतो. रतनवाडी, घाटघरकडच्या माणसाला अकोल्याची एक चक्कर म्हणजे अख्खा दिवस. आमची आत्या राजूरची. ती तेव्हा सत्तरीची होती. तिचं म्हणणं अगदी साधं: "कंडक्टर मला दहा वर्सं बघतोय. त्याला माझं वय दिसत न्हाई का?"

मला वाटतं तिने एका वाक्यात सगळा फरक सांगितला. टोकियोत कार्ड आलं तेव्हा त्याने माणसाची एक कटकट कमी केली: पाकिटातून पास काढणं. आपल्याकडे कार्ड आलं तेव्हा त्याने म्हाताऱ्यांची एक कटकट वाढवली: आपण म्हातारे आहोत हे नव्याने सिद्ध करणं. जपानच्या कार्डाने वेळ वाचवला तो प्रवाशाचा. आपल्या कार्डाने हिशोब सोपा होणार होता तो कार्यालयाचा. मग लोक कार्डाकडे कशाला धावतील?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नोंदणीची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. २०२० मध्ये करोना आला, गाड्याच थांबल्या. त्यातून सावरतोय तोवर २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या तालुक्यात जीपवाल्यांनी म्हणतील ते भाडं झालं. १९४८ च्या आधीचे दिवस कसे असतील याची कल्पना आली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटी मोफत झाली आणि त्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, पॅन असं कुठलंही सरकारी ओळखपत्र चालेल असं ठरलं. स्मार्ट कार्डाचं कुणी नाव काढेना. मार्च २०२३ मध्ये सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याला तेव्हा कार्ड तर सोडाच, ओळखपत्रही लागलं नाही. समोर बाई आहे हे कंडक्टरला दिसतं.

तरी हिशोब राहिला का? राहिला. ७५ वरच्या माणसाला कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. पहिल्यांदा ते हातात पडलं तेव्हा आत्याने (ती आता पंच्याहत्तरी ओलांडून पुढे गेलीय) विचारलं होतं, "फुकट हाय तर कागद कशाला?" कागद यासाठी, की यंत्रात नोंद होते आणि त्या नोंदीवर सरकारकडून पैसे येतात. म्हणजे जो हिशोब म्हाताऱ्यांच्या खिशातल्या कार्डाकडून करवून घ्यायचा होता, तो कंडक्टरच्या हातातल्या यंत्रावर एक बटण वाढवून झाला. एवढ्या साध्या गोष्टीला तीन वर्षं लागली.

आता उरला सुट्ट्यांचा प्रश्न. त्यावर नवीन उत्तर म्हणजे यूपीआय. २०२२ पासून नवी यंत्रं आली आणि त्यानंतर क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट मिळू लागलं. संगमनेरपर्यंत झकास चालतं. पण गाडी राजूर सोडून भंडारदऱ्याच्या पुढे चढायला लागली की मोबाईलची रेंज जाते-येते आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. पैसे गेले का, आले का, "थांबा, फिरतंय अजून." तोवर गाडीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आणि इथेच मला त्या पेंग्विनच्या कार्डाचं खरं महत्त्व कळलं. सुईकाची शिल्लक कार्डातच लिहिलेली असते. टेकवताना रेंज लागत नाही, बँकेला विचारावं लागत नाही. यंत्र आणि कार्ड दोघं आपसांत व्यवहार मिटवतात आणि हिशोब मागाहून मुख्य संगणकाकडे जातो. म्हणजे गर्दीच्या टोकियोसाठी बनवलेली ही गोष्ट बिनरेंजच्या घाटघरलाही तितकीच उपयोगी पडली असती! कार्डाचा जो गुण आमच्या डोंगरातल्या गाडीला हवा होता, तो म्हणजे पाकीट होण्याचा. आपण त्याला लावलं ओळख पटवण्याच्या कामाला.

आपल्याकडे या पाकीटकार्डाची सोय कागदावर आहे. ४ मार्च २०१९ रोजी केंद्र सरकारने नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड सुरू केलं. तेही शिल्लक कार्डात ठेवू शकतं आणि आपल्या शहरांतल्या मेट्रोंमध्ये चालतं. मेट्रोला दार आहे, तिथे ते रुळलं यात नवल नाही. प्रश्न आहे तो दार नसलेल्या गाडीचा.

हा प्रश्न फक्त आपला नाही, हेही भावाला सांगायला हवं. जपानच्या दक्षिणेला कुमामोतो नावाचा प्रांत आहे. तिथल्या पाच बस आणि रेल्वे कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये देशभर चालणारी सुईकासारखी कार्डं घेणं चक्क बंद केलं. यंत्रं जुनी झाली होती आणि ती बदलायला १२० कोटी येनांहून जास्त खर्च येणार होता. गावाकडच्या बसला प्रवासी कमी, उत्पन्न कमी. तिला तो झेपेना. स्थानिक कार्ड तेवढं ठेवलं आणि बाहेरच्यांसाठी साधारण निम्म्या खर्चातली बँकेच्या कार्डांची सोय केली. म्हणजे टोकियोच्या गर्दीसाठी केलेला वेग कुमामोतोच्या खेड्यालाही महागच पडला. जिथे मिनिटाला साठ माणसं जायची नाहीत, तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाला किती किंमत द्यायची?

म्हणून मला वाटतं, की पुढे कधी एसटीत पुन्हा कार्ड येणार असेल (आणि ते कधीतरी येईलच), तर दोन कामं वेगळी ठेवावीत. कार्ड हे पाकीट असावं. बिननावाचं, स्टँडवर किंवा गावातल्या किराणा दुकानात पैसे भरून मिळणारं, कुणीही कुणाला देऊ शकेल असं. आजीने नातवाच्या हातात द्यावं, शिल्लक कळावी म्हणून दुकानदाराने वाचून दाखवावी. आणि सवलत ओळखायचं काम कंडक्टरकडेच राहू द्यावं. तो ते पंचाहत्तरहून जास्त वर्षं करतो आहे. एखाद्या वेळी चुकेलही, पण त्याच्या चुकीमुळे कुणी म्हातारी रस्त्यावर राहत नाही.

कार्डाच्या चर्चेत मला काळजी वाटते ती याच माणसाची. पुणे-नाशिकसारख्या मार्गांवर 'विनावाहक विनाथांबा' गाड्या धावतात. तिकीट स्टँडवर काढायचं, मग गाडी थेट. लांबच्या प्रवाशाला ते सोयीचंच आहे. पण फाट्यावर हात करून उभ्या असलेल्या बाईसाठी ती गाडी नाहीच. उद्या कुणी म्हणेल, कार्ड आलं, यंत्र ड्रायव्हरजवळ बसवा, कंडक्टर कशाला? आकड्यांत ते चांगलं दिसेलही. पण आमच्याकडे मुक्कामी गाडीचा कंडक्टर शाळेच्या मुलींना मोजून खाली उतरवतो, औषधाची पिशवी पुढच्या गावच्या दुकानात देतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना हाताला धरून वर घेतो. हे भाड्याच्या कुठल्याच टप्प्यात बसत नाही.

चिमटेवाले गेले तेव्हा टोकियोच्या दाराशी बाजूला एक कर्मचारी तरी उरला, चिवचिव ऐकून मान वर करणारा. आपल्या गाडीत कंडक्टर गेला तर कुणीच उरत नाही.

भावाला हे सगळं ग्रुपवर लिहायचं तर त्याने वाचलं नसतं, म्हणून इथे लिहिलं. त्याला एकच विनंती: पुढच्या खेपेला येशील तेव्हा ते पेंग्विनचं कार्ड घेऊन ये, आत्याला बघायचंय. आणि तुम्हा वाचकांपैकी किंवा नातेवाइकांपैकी कुणाकडे जुनी, पंच केलेली, मागे पेनने आकडा लिहिलेली एसटीची तिकिटं असतील तर फेकू नका. मला कळवा. ती शाई अजून उडालेली नसणार.